सावरफाट्याची मोजणी

९ ऑक्टोबर, गुरुवार

शाळांना सुट्टी लागली की मोजा, म्हणे!

कुंदनशेठ आज ऑफिसात आले आणि आपल्याच ओसरीवर बसल्यासारखे पाय पसरून बसले. गिरणारे रोडला सावरफाट्यावर त्यांची टाऊनशिप येते आहे. टॉवर, मॉल, शाळा, हॉस्पिटल, ऑफिसं, सगळं एकाच कुंपणात. "मॅडम, लोकांना बाहेर पडायची गरजच नाही राहणार!" मग आम्हाला कशाला गाठलंत? पण हे मनात. तोंडावर हसले आणि चहा पुढे केला.

आमचं काम एवढंच की इथे रोज किती माणसं येतील-जातील, कशाने येतील आणि रस्त्याला ते झेपेल का, हे सांगायचं. तो अहवाल जोडल्याशिवाय परवानगीचा कागद हलत नाही. म्हणून शेठना मोजणी दिवाळीच्या सुट्टीत हवी. शाळेच्या बसेस नाहीत, कॉलेजची पोरं नाहीत, मजूर गावाकडे. रस्ता मोकळा! आणि एकदा कागदावर मोकळा झाला की कायमचाच मोकळा.

रविराज काय म्हणाला? "बघू ना शेठ, ॲडजस्ट करू."

ॲडजस्ट! इंजिनिअरिंगला शेवटच्या बाकावर बसून प्राध्यापकांच्या चुका काढणारा हाच का तो? दोघांनी मिळून शरणपूर रोडच्या एका खोलीत हे ऑफिस काढलं, तेव्हा खुर्च्याही घरून आणल्या होत्या. आता एसी आहे. म्हणून ॲडजस्ट.

१० ऑक्टोबर

भांडले. पूजासमोरच भांडले. ती बिचारी नवी आहे, कॉम्प्युटरमध्ये तोंड खुपसून बसली.

"तृप्ती, मोठं काम आहे. हे गेलं तर पुढची सगळी कामं जातील."

"सुट्टीत मोजलेल्या रस्त्याला मी मोजलेला म्हणणार नाही."

शेवटी तोच वैतागला. "जा, सोमवारपासून मोज. तुझ्याशी कोण डोकं लावणार!"

जिंकले. पण जिंकल्यासारखं वाटत नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळपासून सावरफाट्यावर. मी आणि पूजा, आणि कॅमेरे लावणारी दोन माणसं.

धुकं होतं. हरसूलकडून जीपा येतात. काळ्यापिवळ्या. आत माणसं, मागे लटकलेली माणसं, टपावर टोपल्या. शहरात बांधकामावर, द्राक्षाच्या मळ्यात, मार्केट यार्डात जाणारे सगळे. त्यांच्यामागून टोमॅटोचे पिकअप. मग सायकलवर मुली, तीन-तीनच्या रांगेत, गप्पा मारत, मागचा हॉर्न वाजवून थकला तरी ढिम्म! मला आवडल्या.

आमच्या पद्धतीत जीप म्हणजे एक वाहन. आत कितीही कोंबलेली असोत. आणि एकटा साहेब कारमध्ये गाणी ऐकत चाललाय, तेही एक वाहन. पूजाला म्हटलं, "आपण माणसंही मोजायची." ती म्हणाली, "मॅडम, तक्त्यात रकाना नाहीये." म्हटलं, "मग आखून घे."

फाट्यावर रस्त्याला लागून आठ-दहा घरांची ओळ आहे. पहिलं लंकाबाईचं. पुढे पत्र्याची शेड, तिच्यात झेंडूचे ढीग, कोथिंबीर, मेथी. मागे वीसेक गुंठ्यांत हेच सगळं पिकवते. दिवाळीचा झेंडू, त्यामुळे बाई जोरात होती.

"काय मोजू र्‍हायली गं सकाळधरनं?"

सांगितलं. टाऊनशिप येतेय, रस्त्याला झेपेल का ते बघतोय.

"येऊ दे की! मॉलात येनार्‍या बाया गजरा घेतीन का नाय? का पलास्टिकचाच माळतात त्या?"

"पण गर्दी होईल मावशी. रस्ता ओलांडता यायचा नाही तुम्हाला."

"मला कुठं वलांडायचाय? गिर्‍हाईकच वलांडून येईन!"

आणि वर एक जुडी पूजाच्या पिशवीत टाकली. पैसे घेतले मात्र बरोबर. मला हसू आलं. आठवड्यात पहिल्यांदा.

१४ ऑक्टोबर

एका मुलीची सायकल डंपरने घासली. तिला काही झालं नाही. दप्तर फाटलं. ती रडली नाही, पुस्तकं गोळा करून शाळेत गेली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

हिशोब झाला. दोनदा केला, कारण विश्वास बसेना.

टाऊनशिप भरली की फाटा बंद पडणार. गर्दी होणार, असं नाही. बंदच. सकाळी कुंभमेळ्याच्या कामांमुळे इकडून वळवलेली वाहनं उद्या निघून जातील, असं धरलं तरीही.

सोपा उपाय म्हणजे रुंदीकरण. नकाशावर दोन्हीकडून रेघा ओढल्या आणि डाव्या रेघेखाली बघितलं — लंकाबाईची शेड. तिचं घर. ती सगळी ओळ. म्हणजे खोटा अहवाल दिला तर त्या मुली डंपरखाली, आणि खरा दिला तर ही घरं बुलडोझरखाली. वा! काय शिकलो आपण इतकी वर्षं!

दोन तास नुसती बसून होते. मग टाऊनशिपचाच नकाशा काढला. शेठच्या जमिनीची मागची बाजू दुसर्‍या रस्त्याला लागते. तिथे मुख्य गेट का नाही? कारण तिथे मॉलची दर्शनी बाजू येत नाही! एवढंच.

मग लिहिलंच. फाट्यावरचं गेट फक्त चालणार्‍यांना आणि सायकलींना. गाड्यांचं गेट मागे, रस्ता शेठच्या स्वतःच्या जमिनीतून. हरसूलच्या जीपांना आणि सिटी बसला आत थांबा. बस सुरू होत नाही तोवर शेवटचे दोन टॉवर नाहीत. रुंदीकरणाची गरज नाही. घरांना हात लावायचा नाही.

स्वतंत्र प्रकरण केलं. बर्‍याच वर्षांनी काहीतरी बरं लिहिलं.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

रविराजने वाचलं. चष्मा काढून डोळे चोळले. "उत्तम आहे," म्हणाला. मी खुलले, वेड्यासारखी.

मग म्हणाला, "पण हे असं जाणार नाही, तृप्ती."

"का?"

"दोन टॉवर थांबवायचे? समोरचं गेट बंद? कुंदनशेठ उद्या पुण्याहून दुसरा माणूस आणेल. तो सुट्टीत मोजेल. मग काय करशील?"

"मग ते पाप त्याचं."

"आणि त्या मुली? त्यांना काय, पाप कुणाचं ते कळणार आहे?"

तो बोलायला पहिल्यापासून हुशार. चूकसुद्धा अशी मांडतो की आपल्यालाच लाज वाटावी.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

ऑफिसच्या पूजेला गेले. पेढे, फुलं, सगळं यथासांग. रविराज आणि प्रतिभा, त्याची बायको, आरतीचं ताट सजवत होते. प्रिंटरजवळ अहवाल पडला होता. अंतिम.

माझं प्रकरण नाही. अख्खं नाही. जीपमधली माणसं नाहीत, मुली नाहीत. मोजणी मात्र माझीच, आणि तिच्याखाली एकच शिफारस — फाट्यावर रुंदीकरण.

म्हणजे शेठना समोरचं गेट, सगळे टॉवर, आणि वर सरकारी रस्ता. पाडायची घरं मात्र लंकाबाईच्या ओळीची.

"रवी, हे काय?"

"आज नको."

"आजच. माझं नाव काढ यावरून."

"काढलंय," तो म्हणाला. शांतपणे! उदबत्ती लावता लावता! "फक्त माझी सही आहे."

म्हणजे मी नाव काढायला सांगेन, हेही याने आधीच ॲडजस्ट करून ठेवलं होतं.

प्रसाद न घेता आले. प्रतिभा जिन्यापर्यंत मागे आली, "तृप्तीताई, अहो ताई" करत. थांबले नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

मला भाऊ नाही. दरवर्षी रविराजला ओवाळते. प्रतिभा बासुंदी करते, त्याच्या मुली माझ्या पदराला लोंबकळतात.

आज गेले नाही. त्याचाही फोन आला नाही.

दीपक म्हणाला, "जाऊन ये गं, धंदा वेगळा, नातं वेगळं." नवर्‍यांना असलं सगळं वेगवेगळ्या डब्यांत ठेवता येतं. नोटा छापायच्या प्रेसमध्ये नोकरी करून करून हा माणूस नोटांसारखाच सरळ कापलेला झालाय.

चंद्राला ओवाळलं. चंद्र बरा. सही करत नाही कशावर.

३ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिस सोडलं. भागीदारीचे कागद नंतर बघू म्हटलं. माझा मग, छत्री आणि भिंतीवरचा जुना नाशिकचा नकाशा घेतला. नकाशा त्याने दिलेला होता, म्हणून परत टांगून आले.

तो केबिनमधून बाहेर आला नाही.

११ नोव्हेंबर

लंकाबाईकडे जायलाच नको होतं.

वाटलं, तिला आधी सांगावं की हरकत घ्या, मुदत आहे. फाट्यावर उतरले तर प्रत्येक दारावर कागद चिकटवलेले, "आमचे घर, आमचा हक्क". रुंदीकरणाचं पान गावात पोचलं होतं. कुणीतरी फोटो काढून मोबाईलवर फिरवलं.

शेडमध्ये फुलं नव्हती. लंकाबाई उभी होती, सोबत तिची सून संजना आणि चार बायका.

"हीच ती! मोजनारी!"

"मावशी, ऐका, मी वेगळं लिहिलं होतं—"

"तू मोजलं का नाय? आमच्या दारात बसून मोजलं का नाय? च्या पिली माझा!"

"मोजलं, पण घरं पाडा असं मी—"

"मंग कोन म्हनलं?"

काय सांगू? पर्यायी प्रवेशमार्ग? अंतर्गत थांबा? शब्द तोंडात येत होते आणि मलाच हलके वाटत होते. संजना म्हणाली, "ताई, आम्ही शिकेल नाय असं समजू नका. पान वाचलंय आम्ही. मोजणी तुमचीच हाय, तारीख पण तीच हाय." तिचं खरं होतं. आकडे माझेच आहेत. अर्धं सत्य पूर्ण खोट्यापेक्षा जास्त कापतं, कारण त्याला धार आपण लावलेली असते.

रिक्षा मिळेना. हरसूलच्या जीपमध्ये बसून परत आले. मांडीवर कुणाचं तरी पोर. एक वाहन.

१२ नोव्हेंबर

जेवले नाही. दीपकने खिचडी केली. खारट.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पूजाचा फोन. हरकतींची सुनावणी चार डिसेंबरला. सर स्वतः अहवाल मांडणार आहेत म्हणाली. "सर हल्ली फार बोलत नाहीत मॅडम." बोलतील कशाला? काय उरलंय बोलायला?

"तुम्ही येणार का?" तिने घाबरत विचारलं.

"येणार," म्हटलं. "आणि बोलणार."

ती म्हणाली, "मॅडम, नका येऊ ना." सरांनीच सांगितलं असणार असं म्हणायला! मग तर जाणारच.

२ डिसेंबर

आरशासमोर बोलून बघितलं. आवाज चिरकतो. दीपक म्हणाला, "रागात बोलू नकोस, मुद्दे बोल." मुद्दे! मुद्दे तर रवीने कापून ठेवलेत.

४ डिसेंबर, गुरुवार

झालं. सगळं लिहून काढते, नाहीतर झोप यायची नाही.

हॉल गच्च होता. पुढे टेबलाशी अधिकारी, बाजूला कुंदनशेठ, त्यांचा वकील, आणि पांढर्‍या शर्टात रविराज. बारीक झालाय. मनात आलं, जेवतो की नाही हा? आणि लगेच स्वतःचाच राग आला.

मागे गाव बसलेलं. लंकाबाईने मला बघून तोंड फिरवलं.

रविराजने अहवाल वाचला. सपाट आवाजात, बातम्या वाचल्यासारखा. रुंदीकरणाशी आला तेव्हा गाव उसळलं. "आमच्या घरावरून गाड्या नेता का?" साहेबांनी टेबल वाजवलं. मग विचारलं, "आणखी कुणाला बोलायचं आहे?"

मी उठले.

"आपण कोण?"

"ही मोजणी मी केली आहे."

कुंदनशेठ वकिलाकडे वळले.

म्हटलं, "साहेब, हा अहवाल अर्धा आहे. घरं न पाडता हे होऊ शकतं. गाड्यांचं गेट मागे नेता येतं, शेठच्या स्वतःच्या जमिनीतून. मी ते लिहिलं होतं. ते कापलं. कुणी कापलं ते तुमच्या डाव्या हाताला बसलेत."

वकील उभा राहिला. "या बाईंचं नाव अहवालावर नाही. या कोणत्या अधिकारात बोलतात?"

"विचारा यांना!" मी रविराजकडे बोट केलं. बोट! ज्या कपाळाला कुंकू लावलं त्याच्याकडे. "सांग ना रवी. मी लिहिलं होतं की नाही? एकदा तरी खरं सांग!"

तो पाणी प्यायला. ग्लास खाली ठेवला. साहेबांकडे बघितलं, माझ्याकडे नाही. "मला यावर काही म्हणायचं नाही," म्हणाला.

बस्स. तिथे माझं डोकं फिरलं. मुद्दे गेले, दीपक गेला, सगळं गेलं. म्हटलं, "इतकी वर्षं याला भाऊ म्हटलं मी. हा इंजिनिअर नाही, दलाल आहे. बिल्डरचा दलाल!"

गाव ओरडायला लागलं. "दलाल! दलाल!" टाळ्या पडल्या. लंकाबाई खुर्चीवर चढून ओरडत होती. बाहेर आल्यावर तिने माझा हात धरला, "लय भारी बोलली बाई! मी वळखलं नाय तुला."

वाटलं होतं, मोकळं वाटेल. थोडं वाटलंही. रविराज कडेच्या दाराने गेला. त्याच्यामागे पोरं "दलाल, दलाल" करत पळत गाडीपर्यंत गेली. तो पळाला नाही. नेहमीच्याच चालीने गेला.

बरं झालं. बरंच झालं.

५ डिसेंबर

पेपरात आलं. "भावानेच केली दलाली!" मथळा असा. त्याचा फोटो, पाणी पितानाचा. लोकांना सख्खा भाऊ वाटणार.

संध्याकाळी प्रतिभाचा फोन. मी तयारीत होते भांडायला. ती भांडली नाही. "ताई, मुली आज शाळेत गेल्या नाहीत," एवढंच म्हणाली. मग, "एकदा त्यांच्याशी बोलला असतात तर." म्हटलं, "बोलायची वेळ त्याची होती, प्रतिभा." तिने "हो" म्हटलं आणि ठेवला.

त्या मुलींचा काय दोष? पण सावरफाट्याच्या मुलींचा तरी काय होता?

१७ डिसेंबर

पॉलिटेक्निकला तासिकेवर शिकवायला लागले. पहिल्याच तासाला एकाने विचारलं, "मॅम, तुम्हीच ना त्या पेपरमधल्या?" वर्ग हसला. मीही हसले. नंतर स्टाफरूमच्या बाथरूममध्ये तोंड धुतलं.

२८ डिसेंबर

दीपकने सहज म्हणून विचारलं, "जरा जास्त बोललीस का गं त्या दिवशी?" दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. जास्त! जेवढं कापलं तेवढंच बोलले. जो तो मलाच शहाणपणा शिकवतोय. रवीला कुणी विचारत नाही.

त्याच्याबद्दल वाईट वाटून घ्यायचं नाही. हे रोज स्वतःला सांगावं लागतंय, हीच चीड आहे.

९ जानेवारी, शुक्रवार

पूजा घरी आली होती. निर्णय आला. समोर गाड्यांचं गेट नाही, रुंदीकरण रद्द, घरांना हात नाही, जीपा आणि बसला आत थांबा, शेवटचे दोन टॉवर बस सुरू झाल्यावरच. माझं प्रकरण, शब्द न् शब्द.

रविराजने सुनावणीच्या पंधरा दिवस आधी स्वतः जाऊन मूळ अहवाल साहेबांच्या हातात दिला होता. प्रकरण कापलं तेव्हा घाबरला होता, म्हणते पूजा, मग गेला. शेठना कळलं असतं तर त्यांनी अर्ज मागे घेऊन पुण्याचा माणूस आणला असता, म्हणून निर्णय होईपर्यंत तोंड शिवलं. मला शेठच्या वकिलाची नोटीस येऊ नये म्हणून त्यावरही सही एकट्याचीच. शेठनी सगळी कामं काढून घेतली. सोमवारपासून ऑफिसला कुलूप आहे.

"मला का नाही सांगितलंस तू?"

"सर म्हणाले, तृप्तीला सांगू नकोस. ती गप्प बसणार नाही."

पूजा गेल्यावर फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"बोल," म्हणाला.

मला एक शब्द बोलता आला नाही.